बुटकी वेल आणि लाल चिंधी

"मग ते संप्रेरक वेलीला सांगतं तरी काय, सर?"

चपला काढायच्या आधीच केतकीनं विचारलं. कसे आहात नाही, तब्येत कशी नाही, चार वर्षांनी तोंड दाखवतेय तर वाकून नमस्कारही नाही. दारात उभी, खांद्याला पिशवी, केस एसटीच्या वाऱ्यानं विस्कटलेले, आणि तोंडात प्रश्न.

हिंगमिरे सर खाटेवर बसून आपल्या पुस्तकाची प्रुफं तपासत होते. त्यांनी चष्म्यावरून तिच्याकडं पाहिलं.

"पुस्तकात बघ," ते म्हणाले. "पान चौऱ्याऐंशी."

बघायची गरज नव्हती. त्या पानावरचं वाक्य शेतकी कॉलेजात शिकलेल्या तीन पिढ्यांना तोंडपाठ होतं. 'संप्रेरक हा हुकूम आहे. पेशी तो ऐकते आणि वाढते.' पेपरात एवढं लिहिलं की दोन मार्क कुठं जात नव्हते. केतकीनंही लिहिलं होतं, आणि दोन्ही मार्क घेतले होते.

"ते चूक आहे," ती म्हणाली.

 हातातली लाल पेन्सिल सरांनी कानावर खोचली.

आता हे सर कोण, ते ऐका. झाडाच्या अंगात काय चालतं हे तीस वर्षं शिकवलेला माणूस. वय अठ्ठ्याहत्तर. निवृत्त झाल्यावर तासगाव तालुक्यातल्या आपल्या द्राक्षबागेत पत्र्याची एक खोली बांधून राहिलेला. लोक देवऋष्याकडं जावं तसे त्यांच्याकडं येत. कुणाचा घड जिरला, कुणाचं पान करपलं, की चला सरांकडं. ते सांगतील ती पूर्व दिशा.

आणि केतकी शिरगुप्पे ही त्यांची शेवटची विद्यार्थिनी. हुशार, आणि आपण हुशार आहोत हे चांगलंच ठाऊक असलेली.

चार वर्षांपूर्वी याच खोलीत दोघांचं बिनसलं होतं. सरांच्या बागेत एक वेल होती. कमरेएवढीच. तिला सगळे बुटकी म्हणत. जीए, म्हणजे द्राक्षाचे घड ज्यात बुडवतात ते वाढीचं संप्रेरक, ते कितीही पाजलं तरी बुटकी बोटभर वाढत नव्हती. केतकीनं तिच्यावर लेख लिहिला होता. सरांची सही हवी होती. सरांनी लेख वाचला, घडी केली आणि उशीखाली ठेवला.

"पुरावा आण," ते म्हणाले होते. "तोवर इकडं फिरकू नकोस."

ती रागानं पुण्याला निघून गेली. प्रयोगशाळेत कामाला लागली. चार वर्षं सणासुदीला फोन नाही, की पत्र नाही. फक्त सरांच्या गड्याला सांगून बुटकीची पानं बर्फात घालून मागवायची. जुलैत एकदा, मार्चात एकदा.

आणि आता ती पुरावा घेऊन आली होती.

"सर, प्रुफं कधी जाणार?"

"बाराच्या एसटीनं. नवी आवृत्ती आहे."

"पान चौऱ्याऐंशी तसंच?"

"तसंच."

केतकीनं घड्याळ पाहिलं. साडेनऊ.  हे पुस्तक आज असंच गेलं तर आणखी वीस वर्षं पोरं तेच वाक्य घोकणार होती. आणि खरं सांगायचं तर तिला पोरांची एवढी काळजी नव्हती. तिला सरांच्या तोंडून ऐकायचं होतं, की केतकी, तुझं बरोबर आहे. त्या चार शब्दांसाठी ती रात्रभर एसटीत बसून आली होती. काल दुपारपासून पोटात अन्न नव्हतं आणि भूकही नव्हती.

तिनं पिशवीतून फोटो काढून खाटेवर ठेवला.

फोटोत काळ्या ठिपक्यांच्या दोन ओळी होत्या. वरच्या ओळीतला पहिला ठिपका चांगला ठसठशीत. पुढचा फिका. त्यापुढचा आणखी फिका. शेवटच्या जागी काहीच नाही. खालच्या ओळीतले सगळे ठिपके मात्र सारखेच काळे.

"हे काय?"

"वरची ओळ तुमच्या बागेतल्या साध्या वेलीची. खालची बुटकीची. दोघींना संप्रेरक दिलं, आणि दर थोड्या वेळानं एक प्रथिन किती शिल्लक राहिलं ते मोजलं. शून्य मिनिटं, दहा, वीस, चाळीस, साठ."

"कसलं प्रथिन?"

केतकी खाटेच्या कडेवर बसली. बसली कसली, टेकली, आणि लगेच उठली. तिला बसवत नव्हतं.

"सर, पेशीत वाढीची सगळी तयारी आधीपासूनच असते. सगळी. पण दारावर एक प्रथिन बसलेलं असतं. राखणदार. ते काहीच सुरू होऊ देत नाही. संप्रेरक येतं, ते पेशीला काही सांगत नाही हो. ते त्या राखणदाराला पकडून देतं, बस्स. मग दुसरं एक प्रथिन येऊन त्याच्या अंगावर बारकीशी खूण चिकटवतं. खूण चिकटली की पेशीतला खलबत्ता त्याला कुटून टाकतो. राखणदार संपला की वाढ आपोआप."

"म्हणजे हुकूम..."

"हुकूम नाहीच. वाढ म्हणून कुणीच सांगत नाही. अडवणारा मोडतो, एवढंच होतं."

सरांनी फोटो उचलून डोळ्यांजवळ नेला.

बाहेर बागेत बायकांची टोळी कामाला लागली होती. त्यांचं बोलणं आत ऐकू येत होतं.

"खूण कोण चिकटवतं म्हणालीस?"

"एक प्रथिन."

"आणि कुटतं कोण?"

"ते निराळं. खूप मोठं यंत्र आहे ते."

"दोन्ही कामं एकालाच का नाही दिली?"

 चार वर्षांत हा प्रश्न केतकीला कुणी विचारला नव्हता, आणि तिनंही स्वतःला विचारला नव्हता.

"ते... माहीत नाही."

"बरं," सर म्हणाले. "बुटकीचं बोल."

"बुटकीचा राखणदार मोडत नाही. त्याला जिथं पकडायचं तिथंच त्याची घडण बिघडलीय. संप्रेरक येतं, पण हाताला काही लागत नाही. आणि सर, तिच्या अंगात संप्रेरक कमी नाहीये. बाकीच्या वेलींपेक्षा जास्त आहे. दारात नुसती गर्दी झालीय."

सर एकदम उठले. मांडीवरची प्रुफं घसरून खाली पसरली, तिकडं त्यांचं लक्षही गेलं नाही.

"जास्त?"

"दुपटीच्या वर."

"आणि मी तिला अकरा वर्षं पाजतोय," सर म्हणाले. "दर डिसेंबरला. स्वतःच्या हातानं. अगं, भरल्या पोटाला आग्रह करकरून वाढत होतो की मी."

आणि ते हसायला लागले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. खिडकीपाशी जाऊन फोटो उजेडात धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. 

केतकी गोंधळली. एसटीत तिनं सगळी तयारी केली होती. सर चिडले तर हे बोलायचं, गप्प बसले तर ते. सर खूश झाले तर काय बोलायचं, हे काही तिनं ठरवलं नव्हतं.

"म्हणजे पुस्तकातलं चूक, हे पटतंय तुम्हाला?"

"आणि मोडल्यावर त्या राखणदाराचं काय होतं?" सरांनी उलट विचारलं.

"तुकडे होतात. पेशी ते परत वापरते."

"कशाला?"

"नवी प्रथिनं बनवायला."

"कसली नवी प्रथिनं?"

"कसलीही. ज्याची गरज असेल ती..." केतकी थांबली. "राखणदारसुद्धा."

"राखणदारसुद्धा," सर म्हणाले. "चल, बुटकीकडं जाऊ. प्रुफं घे बरोबर."

"सर, आधी ते वाक्य..."

"बारा वाजायला अवकाश आहे."

बाग ऐन भरात होती. टोळीतल्या निम्म्या बायका एकेक घड जीएच्या डब्यात बुडवत, हलवून निथळत पुढं सरकत होत्या. बाकीच्या जादा घड काढत होत्या, राहिलेल्यांना जोर मिळावा म्हणून. सगळ्यांच्या पुढं टोळीची मुकादम हौसाबाई चालली होती. कमरेला लाल चिंध्यांचा जुडगा. घड बघायची, बोटांनी चाचपायची आणि काढायचा असेल त्याच्या देठाला चिंधी बांधायची. तिच्या हातात कात्री नव्हती. कात्रीवाल्या बायका दहा पावलं मागं होत्या. चिंधी दिसली की कच्, आणि पुढं.

केतकीनं हे गावाकडच्या बागांत शंभरदा पाहिलं होतं. आज तिचे पाय थांबले.

"हौसाबाई," ती म्हणाली, "तुम्हीच बघता, तर तुम्हीच का नाही कापत?"

"आन् मग?"

"एक माणूस वाचेल."

हौसाबाईनं तिच्याकडं खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"बाई, हातात कात्री आली की मानसाला येक तर माया येती न्हाईतर माज येतो. मायेनं नको त्यो घड ऱ्हातो, माजानं नको त्यो जातो. म्हनून बांधनारीनं कापायचं न्हाई आन् कापनारीनं इचारायचं न्हाई. माज्या सासूपासनं ह्योच रिवाज हाय."

केतकीनं सरांकडं वळून पाहिलं. सर पुढं निघून गेले होते.

बुटकी बांधाच्या कडेला होती. बाकीच्या वेली मांडवावर चढून पसरलेल्या, आणि ही खाली रुसून बसल्यासारखी. अकरा वर्षांत कितीतरी जण म्हणाले होते, उपटून टाका. सरांनी कुणाला हात लावू दिला नव्हता.

केतकी जवळ गेली. वाकली... आणि तशीच राहिली.

बुटकीला घड लागले होते. एखाददुसरा नव्हे. खालच्या पेरावर घड, वरच्या पेरावर घड, त्याच्या वरच्या पेरावर घड. वेलीला आधार धरायला गुंडाळणाऱ्या ज्या दोऱ्या फुटतात, बाळ्या, त्या नव्हत्याच. जिथं म्हणून बाळी फुटायची तिथं घड लोंबत होता. हिरवे, बारीक, पण घडच. शेंड्यापर्यंत.

"ही बया उलटी हाय," हौसाबाई मागून येत म्हणाली. "आमच्याकडं घडाची बाळी झाली की मालक डोक्याला हात लावत्यात. हिचं बाळीचं घड व्हत्यात. दर सालाला."

"दर साली?" केतकीनं विचारलं.

"तर. बगितलं न्हाईसा तुमी?"

नव्हतं बघितलं. जुलैत पानं, मार्चात पानं. घडाच्या दिवसांत ती इथं कधी आलीच नव्हती. चार वर्षं तिनं या वेलीचं पान वाटलं, गाळलं, मोजलं, आणि वेल कशी दिसते ते पाहिलं नाही. तिच्या वहीत पहिल्या पानावर लिहिलं होतं, 'रोगट वेल. राखणदार मोडत नाही, म्हणून निष्फळ.' निष्फळ या शब्दाखाली रेघ ओढली होती. तिला एकदम शरम वाटली, आणि त्याच क्षणी अंगावर काटा आला. कारण हे तिच्या फोटोपेक्षा फार मोठं होतं. जो मोडला नाही त्यानं उंची अडवली, पण बाळीच्या जागी फळ बसवलं. म्हणजे अडवणं हेही एक कामच होतं. हे कसं होत असेल? कुठल्या पेशीत, कुठल्या दिवशी? डोक्यात दहा प्रयोग एकदम उभे राहिले.

"तुझ्या फोटोत हे आहे?" सरांनी विचारलं.

"नाही."

"चार वर्षांपूर्वीच्या लेखात काय होतं?"

केतकी एक घड उगाच चाचपू लागली.

"सांग की."

"वेल बहिरी आहे, असं होतं. तिला संप्रेरक कळतच नाही, असं."

"खरं होतं?"

"नाही. कळतं तिला. राखणदार मोडत नाही, एवढंच. तुम्ही सही केली असती, तर तेच छापून आलं असतं. माझ्या नावानं."

"मी अडवलं तुला."

"हो."

"राग आला."

"फार आला, सर. अजून आहे थोडा."

"असू दे," सर म्हणाले.

मग त्यांनी हौसाबाईपुढं हात केला. तिला कळेना. त्यांनी तिच्या कमरेच्या जुडग्यातली एक लाल चिंधी ओढून घेतली आणि आपल्या उजव्या मनगटावर ठेवली. एका हातानं गाठ बसेना.

"बांध," ते हौसाबाईला म्हणाले.

"काय वं सर. हे काय भलतंच."

"तू बघतेस, चाचपतेस, मग बांधतेस. मला तीस वर्षं बघतेयस. बांध."

हौसाबाईनं त्यांच्या तोंडाकडं पाहिलं. थट्टा नव्हती. तिनं निमूट गाठ मारली.

सरांनी केतकीच्या हातातल्या गठ्ठ्यातून पान चौऱ्याऐंशी काढलं, आणि चिंधी बांधलेल्या हातात समोर धरलं. मागच्या बाईची कात्री घेऊन दुसऱ्या हातानं केतकीपुढं केली.

"काप."

ज्या क्षणासाठी ती आली होती तो हाच होता. आणि तिचा हात वर जाईना. हेच वाक्य तिनं पहिल्या वर्षाला वहीच्या पुठ्ठ्यावर सुबक अक्षरात लिहिलं होतं. या माणसाच्या एका तासासाठी ती गावाहून सायकल मारत कॉलेजला जायची. सर म्हातारे दिसत होते. मनगट काडीसारखं झालं होतं आणि त्यावर ती लाल चिंधी.

"सर, तुम्हीच खोडा ना. पेन्सिल आहे तुमच्याकडं."

"मला माया येईल."

"मग राहू दे. तळटीप देऊ. खाली बारीक अक्षरात..."

"केतकी, चिंधी दिसतेय ना?"

"दिसतेय."

"मग विचारतेस काय?"

टोळीतल्या बायका काम थांबवून बघत होत्या. कुठंतरी डब्यातलं पाणी निथळत होतं.

केतकीनं कात्री घेतली. दोन ओळी होत्या, चार वेळा कच् करावं लागलं. तुकडा तिच्या तळहातावर पडला. डोळे भरून आले होते, आणि तरी आतून काहीतरी सुटल्यासारखं झालं होतं. धावत सुटावंसं वाटत होतं.

"कुठं टाकू हा?"

"बुडाशी टाक. तिला लागेल."

तिनं बुटकीच्या बुडाशी माती उकरली, तुकडा त्यात ठेवला आणि माती सारली.

"तुझं बरोबर आहे, केतकी," सर म्हणाले.

एवढंच. ज्यासाठी रात्रभर प्रवास केला ते शब्द आले, आणि तिच्या लक्षात आलं की आता तिला ते नकोत, तिला आणखी बघायचंय. तरी ते कानात गोड वाजलेच. माणूस आहे शेवटी.

"वाक्य कोण लिहिणार?" तिनं विचारलं.

सरांनी कानावरची लाल पेन्सिल काढून दिली.

केतकी बांधावरच मांडी घालून बसली. पानाला मधोमध खिडकी पडली होती, तिच्याशेजारी समासात ती लिहू लागली. एकदा लिहिलं, खोडलं. पुन्हा लिहिलं. हौसाबाईची टोळी पुढच्या ओळीत गेली, डबे हलायला लागले. सर शेजारी उभे राहून बुटकीचे घड मोजत होते, नुकतं मोजायला शिकलेल्या पोरानं मोजावेत तसे, बोट लावून लावून.

अकरा वाजत आले तेव्हा तिचं झालं. तिनं मोठ्यानं वाचलं.

"'संप्रेरक हुकूम देत नाही. वाढ अडवणाऱ्या राखणदाराला ते मोडायला देतं. पण राखणदार अडवतो तेव्हाही वेल काहीतरी घडवत असते.'"

सरांनी डोळे मिटून ऐकलं. पुन्हा वाचायला लावलं. पुन्हा ऐकलं.

"चांगलं आहे," ते म्हणाले.

केतकीचा चेहरा फुलला. तिनं शेवटच्या शब्दापुढचा पूर्णविराम पेन्सिल दाबून ठळक केला, पान गठ्ठ्यात नीट लावलं आणि उठून उभी राहिली.

"झालं, सर. आता या पानाला पुन्हा कुणाला हात लावायला नको."

सर दातांनी मनगटावरची गाठ सोडवत होते. सुटली. लाल चिंधी त्यांनी बोटांनी सरळ केली, आणि तिच्यापुढं धरली.

"ही घे... त्याच पानात ठेव. कधीतरी लागेल."